नशिराबादचा हायवे, अजिंठ्याची भिंत आणि शटर

बऱ्याच मोबाइलच्या कॅमेऱ्यात ‘प्रो’ नावाचा एक कप्पा असतो. बहुतेकांचं बोट तिथं चुकून जातं आणि तितक्याच घाईनं परत येतं, कारण आत आयएसओ, डब्ल्यूबी, ईव्ही, एस अशी अक्षरं रांगेनं बसलेली असतात. बाकीच्यांना आज हात लावायचा नाही. फक्त ‘एस’ घ्यायचा. एस म्हणजे शटर स्पीड, म्हणजे सेन्सरवर प्रकाश किती वेळ पडू द्यायचा तो काळ. १/४०००, १/१०००, १/६०, १/४, १ सेकंद, १० सेकंद असे आकडे तिथं असतात.

हा एकच आकडा फिरवून काय होतं ते बघायला नशिराबाद फार सोयीचं गाव आहे. जळगाव आणि भुसावळच्या मधलं. गावाला लागून धुळे-नागपूर हायवे, पूर्वीचा सहा नंबर आणि आताचा ५३. तीनेक किलोमीटरवर भादली स्टेशन आणि मुंबईहून भुसावळकडे धावणाऱ्या गाड्या. आजूबाजूला केळीच्या बागा आणि कपाशी. पळणारं, डोलणारं आणि जागचं न हलणारं असं सगळं हाताशी आहे.

हायवेवरून ताशी ६० किलोमीटर वेगानं ट्रक जातोय असं धरू. सेकंदाला तो साधारण १६.७ मीटर कापतो. शटर १/१००० वर असेल तर ते उघडं असेपर्यंत ट्रक जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर सरकतो. फोटोत ट्रक जागीच थिजलेला दिसतो आणि मागच्या फळीवरची ‘हॉर्न ओके प्लीज’ची अक्षरं सहज वाचता येतात. १/६० वर तोच ट्रक २८ सेंटिमीटर सरकतो. अक्षरं फासली जातात, पण ट्रक आहे हे कळतं. शटर पूर्ण एक सेकंद उघडं ठेवलं तर ट्रक पावणेसतरा मीटर पुढं गेलेला असतो आणि फोटोत ट्रक नसतोच. रात्रीची वेळ असेल तर उरतात फक्त हेडलाइटची पांढरी आणि टेललाइटची लाल रेघ. जागा तीच, ट्रक तोच, बदलला तो एक आकडा.

शटर स्पीड म्हणजे उजेड कमीजास्त करायचं बटण, असं सर्रास शिकवलं जातं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उजेड तर आयएसओनंही, म्हणजे सेन्सरवरचा संकेत मोठा करूनही, वाढवता येतो आणि मोठ्या कॅमेऱ्यात अ‍ॅपर्चरनं, म्हणजे भिंगाचं छिद्र मोठं करूनही. फोटोत किती काळ मावणार हे मात्र शटरशिवाय दुसरं कोणीच ठरवत नाही. माझ्या मते कॅमेऱ्यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं बटण आहे, आणि ‘ऑटो’वर ठेवलेला कॅमेरा नेमका त्याचाच निर्णय आपल्याला न विचारता घेऊन टाकतो.

काळ जास्त मावला की फोटोत कोण राहतं आणि कोण गळतं, याचा सर्वांत जुना पुरावा पॅरिसचा आहे. १८३८ मध्ये लुई दागेरनं खिडकीतून तिथल्या एका हमरस्त्याचं छायाचित्र घेतलं. त्या वेळी एका चित्राला काही मिनिटं लागत. रस्त्यावर घोडागाड्या होत्या, माणसं होती. पण चित्रात रस्ता ओस. ठळक दिसतो तो बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा राहिलेला एक माणूस. लांब एक्सपोजर म्हणजे शाळेतली हजेरी आहे. जो जागेवर थांबला त्याचं नाव लागलं, जो इकडेतिकडे पळाला तो गैरहजर.

दुसऱ्या टोकाला १८७८ चं कॅलिफोर्निया. एडवर्ड मायब्रिजनं धावत्या घोड्याच्या वाटेवर ओळीनं कॅमेरे मांडले आणि सेकंदाच्या अगदी लहान भागात उघडझाप करणारी शटरं वापरून दाखवून दिलं की भरधाव घोड्याचे चारही पाय एका क्षणी हवेत असतात. शतकानुशतकं चित्रकारांनी घोडा रंगवला, पण पाय कुठं असतात याबद्दल त्यांचा डोळा फसत होता. लहान शटरनं डोळ्याला न दिसणारं दाखवलं. मोठं शटरही तेच करतं, फक्त उलट्या बाजूनं. त्यासाठी नशिराबादहून साठेक किलोमीटर दक्षिणेला, अजिंठ्याला जावं लागेल.

अजिंठा म्हटलं की खानदेशात रॉबर्ट गिल आणि पारोची प्रेमकथा निघतेच. ना. धों. महानोरांनी त्यावर काव्य लिहिलं, नितीन देसाईंनी चित्रपट काढला. गिल चित्रकार होता हे त्यामुळे घरोघरी माहीत झालं. तो फोटोग्राफरही होता हे मात्र मागं पडलं. मद्रासच्या सैन्यातला हा अधिकारी १८४४ मध्ये लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायच्या कामावर नेमला गेला. त्यानं रंगवलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्याआधीच त्यानं कॅमेरा हाती घेतला होता, आणि लेण्यांच्या त्याच्या छायाचित्रांचं पुस्तक जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ मध्ये निघालं. मायब्रिजचा घोडा धावला त्याच्या पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, गिल वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

गिलच्या काळात प्रचलित असलेली रीत ओल्या काचेची होती. काचेवर कलोडिअन नावाचं चिकट द्रावण पसरायचं, ती काच चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली असेपर्यंत फोटो घेऊन, धुऊन मोकळं व्हायचं. दहा-पंधरा मिनिटांत काच वाळायला लागते आणि वाळली की निकामी. अजिंठ्याच्या उन्हाळ्यात ती किती लवकर वाळत असेल याचा अंदाज आपल्याकडच्या कुणालाही करता येईल. म्हणजे शटर हवं तितकं उघडं ठेवायची मुभाच नव्हती. भरीत भर म्हणजे ही काच निळ्या प्रकाशाला संवेदनशील, लाल-पिवळ्याला जवळजवळ आंधळी. अजिंठ्याच्या भिंती तर गेरू आणि पिवडीनं भरलेल्या. उन्हातले खांब आणि कमानी अशा काचेवर छान उमटतात. आतल्या अंधारातली तांबूस चित्रं काळवंडतात.

अंधाराचा हिशेब साधा आहे. भर दुपारी उघड्यावर सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. लेण्याच्या आतल्या भिंतीवर दहा लक्स आहे असं धरलं, तर तो दहा हजार पटींनी कमी झाला. बाहेर १/१००० सेकंदात जो फोटो निघतो, तोच बाकी काही न बदलता आत काढायला दहा सेकंद लागतील. दहा सेकंद हातात कॅमेरा स्थिर धरणं कुणालाच जमत नाही. पण भिंत हलत नाही. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी दीड हजार वर्षं तसाच उभा आहे. त्याची काही हरकत नसते.

दिल्लीचे छायाचित्रकार बिनॉय के. बहल यांनी १९९१ मध्ये नेमकी हीच सवलत घेतली. झगझगीत दिवे न लावता, लेण्यातल्या अत्यंत मंद उजेडात, दीर्घ एक्सपोजर देऊन त्यांनी अजिंठ्याची चित्रं टिपली. त्यांचं पुस्तक १९९८ मध्ये लंडनहून निघालं आणि २००८ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’नं ती छायाचित्रं छापली. बघणाऱ्यांना धक्का बसला तो रंगांचा. प्रत्यक्ष लेण्यात उभं राहून डोळ्यांना जे करडं-तपकिरी वाटतं, तिथं निळा होता, हिरवा होता, कातडीच्या कितीतरी छटा होत्या.

हे रंग त्यांनी बाहेरून भरले नव्हते. उजेड जसजसा मंद होतो तसतशा आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकू पेशी गप्प होत जातात आणि काम फक्त उजेड-अंधार सांगणाऱ्या दंड पेशींवर येतं. शिवाय डोळा प्रकाश फार वेळ साठवून ठेवू शकत नाही, सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास त्याची मर्यादा संपते. कॅमेरा साठवू शकतो. भिंतीवरून प्रकाशकण एकेक करून येत राहतात आणि शटर उघडं असेपर्यंत जमा होत राहतात.

जमा होण्यानं चित्र स्वच्छ का होतं, याला एक सुंदर नियम आहे. प्रकाशकण पावसाच्या थेंबांसारखे अनियमित येतात. एका बिंदूवर सरासरी १०० कण आले तर त्यात १० कणांचा चढउतार असतो, म्हणजे दहा टक्के चूक. १०,००० कण आले तर चढउतार १०० चा, म्हणजे एकच टक्का. फोटोतली खरखर, ज्याला आपण नॉइज म्हणतो, ती बरीचशी हीच. शटर चौपट वेळ उघडं ठेवा, खरखर निम्मी होते. आयएसओ वाढवून हे साधत नाही. आहेत तेवढेच कण तिथं मोठ्या आवाजात सांगितले जातात, चुकीसकट.

बहल यांनी फिल्म वापरली होती आणि फिल्मची एक खोड असते. एक्सपोजर लांबलं की ती आळशी होते. दुप्पट वेळ दिला तरी दुप्पट काळेपणा येत नाही आणि तीन रंगांचे थर वेगवेगळ्या प्रमाणात आळसावल्यामुळे रंगही ढळतो. हा परिणाम १९०० च्या सुमारास तपशिलात मोजणारा माणूस म्हणजे कार्ल श्वार्झशिल्ड. पुढं १९१६ मध्ये कृष्णविवराची त्रिज्या ज्याच्या गणितातून निघाली तोच. ताऱ्यांचे फोटो काढता काढता त्याला ही खोड सापडली.

डिजिटल सेन्सर असा आळस करत नाही. त्याची दुखणी वेगळी, आणि त्यातलं एक तर खास जळगावला लागू पडणारं आहे. सेन्सर तापला की प्रकाश नसतानाही त्यात इलेक्ट्रॉन सुटतात आणि फोटोत रंगीत ठिपके उमटतात. तापमान साधारण सहा-सात अंशांनी वाढलं की हे प्रमाण दुप्पट होतं. म्हणजे २५ अंशांवरून ४५ वर गेलात तर सुमारे आठपट. १/१००० ला याची काही फिकीर नसते. तीस सेकंदांच्या फोटोत हे ठिपके लपत नाहीत. म्हणून चांगले कॅमेरे लांब एक्सपोजरनंतर शटर न उघडता तेवढ्याच वेळाचा आणखी एक काळा फोटो घेतात आणि तो पहिल्यातून वजा करतात. कॅमेरा ‘अडकला’ असं वाटतं तेव्हा तो बऱ्याचदा हेच करत असतो.

इकडं शटर लहान केलं की सगळं सुटतं असंही नाही. भादलीजवळ ताशी ११० किलोमीटरनं जाणाऱ्या गाडीचा मोबाइलनं फोटो काढा. १/२००० ठेवलं तर अक्षरं स्पष्ट येतील, पण डब्यांच्या खिडक्या तिरक्या दिसतील. मोबाइलमध्ये खरं शटर नसतं. सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. सगळ्या ओळी वाचायला १/५० सेकंद लागला तर तेवढ्यात गाडी साठेक सेंटिमीटर पुढं गेलेली असते. प्रत्येक ओळ धारदार, पण प्रत्येक ओळ वेगळ्या क्षणाची. शटरचा आकडा कितीही लहान करा, हा तिरकेपणा जात नाही.

त्यातूनच लग्नाच्या हॉलमधला तो नेहमीचा वैताग येतो, फोटोवर आडवे काळे पट्टे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. १/१००० वर काही ओळी तेजाच्या क्षणी वाचल्या जातात, काही मंदाच्या. शटर १/१०० किंवा १/५० केलं की प्रत्येक ओळीला पूर्ण आवर्तनं मिळतात आणि पट्टे नाहीसे होतात. नवरदेवाच्या कपाळावर पट्टा नको असेल तर एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुरे.

थंडीत शेतात भरीत पार्टी असेल तर आणखी एक गंमत करून बघा. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजताना ठिणग्या उडतात. १/१००० वर त्या नुसते ठिपके दिसतात, १/१० वर रेघा. शेजारी एखादी मोजलेली काठी उभी ठेवली असेल तर रेघेची लांबी कळते. वीस सेंटिमीटरची रेघ आणि १/१० सेकंद, म्हणजे ठिणगीचा वेग सेकंदाला दोन मीटर. तिरपी आपल्याकडं आलेली ठिणगी आखूड दिसेल, तेवढी सूट धरायची. अस्पष्ट फोटो म्हणून आपण जो पुसून टाकतो, त्यात वेग लिहिलेला असतो.

मोबाइलचा ‘नाइट मोड’ या सगळ्यातून मधली वाट काढतो. तो शटर दहा सेकंद उघडं ठेवत नाही. पाठोपाठ अनेक लहान फोटो घेतो, हात हलला असेल तेवढे ते सरकवून जुळवतो आणि एकत्र करतो. गणित तेच, प्रकाशकण साठवण्याचं. भिंतीवर ते उत्तम चालतं, पळत्या पोरावर फसतं.

करून बघायचं असेल तर प्रो मोडमध्ये आयएसओ १०० वर पक्का करा आणि मोबाइल कशाला तरी टेकवून फक्त एस फिरवा. आयएसओ ऑटोवर राहिला तर कॅमेरा मागच्या दारानं उजेड बरोबर करत राहील आणि तुम्हाला फरक अर्धाच दिसेल. हायवेवर जायचं तर रस्त्यापासून लांब उभं राहा, आणि रेल्वेगाडीचा फोटो फाटकाच्या बाहेरून किंवा प्लॅटफॉर्मवरूनच घ्या. रुळांच्या कडेला नाही.

आणि अजिंठ्याला जाल तेव्हा फ्लॅश बंद. तिथं त्याला बंदी आहेच. पण नसती तरी उपयोग नव्हता. अनेक चित्रांवर जुन्या काळी जीर्णोद्धार करणाऱ्यांनी दिलेला लाखेचा आणि वार्निशचा लेप आहे, त्यावरून फ्लॅश चमकून परत येतो आणि फोटोत पांढरा डाग पडतो. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, तेव्हा नाइट मोड लावा आणि कोपर पोटाशी घट्ट धरून श्वास रोखा. लेणी सोमवारी बंद असतात.