न फळणारा रातांबा

मालवण, कुडाळ आणि वेंगुर्ले या तालुक्यांत झाडांविषयी जाणत्या माणसाला जे प्रश्न विचारले जातात, त्यांत आंब्याच्या मोहरावरील तुडतुडे आणि काजूवरील ढेकण्या यांच्या खालोखाल एक प्रश्न हमखास असतो: परसातला रातांबा चांगला पोसलेला आहे, दरवर्षी फुलतो, परंतु फळ मात्र धरत नाही, तर त्याला खत कोणते घालावे? प्रश्न विचारणारा मनुष्य बहुधा शेतीवर उपजीविका करणारा नसतो. नोकरीची मुदत संपवून मुंबईहून गावी परतलेला, वडिलार्जित घराची डागडुजी करून झाल्यावर भोवतालच्या आवाठात काहीतरी रुजवावे अशा हौसेने पेटलेला असा तो असतो, आणि त्याच्या प्रश्नामागील कळकळ इतकी प्रामाणिक असते, की त्याला थातुरमातुर उत्तर देऊन वाटेला लावणे हा मी अपराधच समजतो.

वेंगुर्ले तालुक्यातील एका रोपवाटिकेत, पावसाची झड ओसरल्यानंतरच्या एका सकाळी, हाच प्रश्न माझ्यादेखत विचारला गेला. आलेले गृहस्थ वयस्कर होते. ‘‘धा-बारा वर्सां झाली, झाड नुसतां वाढता, फळ काय धरणा नाय. तोडून टाकू काय?’’ असे त्यांनी विचारले. सावलीच्या जाळीखाली कलमे बांधीत बसलेल्या बाईंनी हातातले काम न थांबवता त्यांनाच उलट विचारले, ‘‘काकानू, फुलां कशी येतत ती बघलात?’’ फुले येतात एवढे त्यांना ठाऊक होते. ती कशी असतात, हे त्यांनी कधी पाहिले नव्हते. या एका प्रतिप्रश्नात साऱ्या रोगाचे निदान सामावलेले होते.

रातांब्यात, म्हणजे कोकमात, नर आणि मादी ही झाडे स्वतंत्र असतात. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत केव्हातरी झाड फुलावर येते, त्या वेळी हाताला लागेल अशी एखादी फांदी खाली ओढून फूल बोटांवर घेतले, तर संशयाला जागा उरत नाही. नराची फुले पानांच्या बगलेत झुपक्याने येतात, आणि चार मांसल पाकळ्यांच्या मध्यभागी पुंकेसरांचा दाट गठ्ठा तेवढा दिसतो. मादीचे फूल बहुधा डहाळीच्या टोकाशी, एकेकटे किंवा मोजक्या सोबत्यांसह येते. त्यातही नावापुरते पुंकेसर असतात, परंतु दृष्टी खिळते ती मधल्या हिरव्या, वाटोळ्या अंडाशयावर आणि त्याच्या माथ्यावर देठावाचून टेकलेल्या किरणाकृती कुक्षीवर. उद्याचे फळ तिथे आजच सूक्ष्म रूपाने दिसत असते. नराच्या फुलात हे काहीच नसल्यामुळे त्याला खत घाला, पाणी घाला किंवा नवस बोला, त्याच्यापासून रातांबा मिळणे नाही.

अडचण एवढीच, की हा भेद फुलाखेरीज दुसऱ्या कशातही दिसत नाही. कोवळ्या पालवीचा तांबूस रंग, खाली झुकलेल्या फांद्या आणि खाली रुंद होत गेलेला डौलदार घेर हे सारे दोघांचे सारखेच. बियांपासून केलेल्या रोपांत सुमारे निम्मे नर निघतात, आणि पहिले फूल दिसायला सहा-सात वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ जातो. म्हणजे ज्याने हौसेने दोनच रोपे लावली, त्याचे दोन्ही नर निघून सारी वर्षे वाया गेल्याची उदाहरणे गावोगावी सापडतात. यावरचा उपाय म्हणजे कलम, आणि ते बांधताना पाहणे हा एक निर्भेळ आनंद आहे.

बाईंच्या उजव्या हाताला पिशव्यांतील खुंटरोपे होती. डाव्या हाताला, ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या, खात्रीच्या मादी झाडावरून आणलेल्या काड्या होत्या. त्यांनी एक खुंट उचलला, वरचा कोवळा शेंडा छाटला आणि उरलेल्या काडीच्या मधोमध चाकूने उभी चीर दिली. छेदातून पिवळा चीक पाझरला. तो त्यांनी फडक्याने टिपला. मग पेन्सिलीएवढ्या जाडीची एक काडी निवडून तिचे बूड दोन्ही अंगांनी तासून त्यांनी पाचर तयार केली. हे तासणे एकेका अंगाला एकाच ओढीत झाले, कारण पाते दोनदा फिरले तर पृष्ठभाग उंचसखल होतो आणि सांधा आतून पोकळ राहतो. पाचर चिरेत उतरवताना एका बाजूची तरी साल सालीला नेमकी भिडली आहे ना, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले नाही, अंगठ्याच्या पेराने चाचपून पाहिले. जीवन वाहते ते सालीच्या आतल्या त्या पातळ थरातूनच. त्यावर पॉलिथिनच्या पट्टीचे घट्ट वेढे आले, ओलावा टिकावा म्हणून काडीवर अरुंद पिशवीची टोपी चढली, आणि रोप रांगेत जाऊन बसले. माझे निरीक्षण पुरते होण्याच्या आत पुढचा खुंट त्यांच्या हातात होता.

इथेच दुसऱ्या एका नेहमीच्या तक्रारीचे मूळ मला सापडले. कलम जगले, परंतु ते उभे न वाढता जमिनीलगत आडवेच पसरते, असे पुष्कळ जण सांगतात. काडी आडव्या फांदीवरून घेतली, तर तिचा आडवे जाण्याचा स्वभाव कलमातही कायम राहतो. सरळ वर चढणाऱ्या शेंड्याची काडी घेतली, तर झाड सरळ होते. विकत घेताना पाहण्याची गोष्ट ही आहे; पाने किती आहेत, ही नव्हे.

बी रुजत नाही, या तक्रारीचे उत्तर मात्र थोडक्यात देता येते. भिरंडेल, म्हणजे बियांचे तेल, काढण्यासाठी उन्हात खडखडीत वाळवलेली बी रुजत नाहीच. ती ताजी, गर धुऊन, सावलीतली पेरावी लागते.

या वृक्षाची महती परक्यांनाही फार पूर्वी कळली होती. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात या फळाची आणि त्याच्या आंबट सालीची दखल घेतली आहे. आपल्या काळात वेंगुर्ल्याचे फळसंशोधन केंद्र १९५७ पासून उभे आहे. कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या निवडक जाती दिल्या. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळाले. तथापि आवाठातल्या झाडाची निवड करताना जुन्या बायकांची कसोटीच मला अधिक पटते: साल जाड हवी, आणि फळ मृगाच्या सरी येण्यापूर्वी पिकायला हवे, कारण उशिरा पिकणाऱ्या झाडाचे रातांबे पावसात सापडून सडतात, आणि ऊन नसले म्हणजे सालीची सोले वाळवायची तरी कशी?

त्या गृहस्थांना बाईंनी सांगितले तेच मी प्रत्येकाला सांगतो. कुऱ्हाड हाती घेण्यापूर्वी येत्या हिवाळ्यात फूल उलगडून पाहा. मादी निघाली, तर खतपाण्याचा विचार करा. नर निघाला, तर शेजारी मादीची कलमे लावा. किंवा बुंधा छाटून येणाऱ्या नव्या फुटव्यांवर मादीची काडी बांधता येते, ती बांधून घ्या. आणि आसपास दुसरा नर नसेल, तर आहे त्याला हात लावू नका. मादी झाडांच्या बागेतही थोडे नर मुद्दाम राखतात, ते परागासाठीच.