पिंपाच्या पोटातला जाळ

संपादकांचा फोन आला तेव्हा मी फिनलंडमध्ये, तांपेरे शहराच्या कडेला, मुलीच्या जुन्या लाकडी घरात दोन स्वेटर चढवून बसले होते. अंक ऊर्जेवर निघतोय, तुम्ही तिकडे आहातच, तर त्यांच्या नव्या अणुभट्टीवर लिहा, असं म्हणाले. मी म्हटलं, ती भट्टी लांब आहे. घरात एक आहे तिच्यावर लिहिते.

ती भट्टी म्हणजे बैठकीच्या कोपऱ्यात छतापर्यंत गेलेलं एक गोल पिंप. वरून पत्रा, पत्र्याला उभ्या खाचा, त्यावर सायीच्या रंगाचा जुना ऑइलपेंट. खाली वहीएवढं बिडाचं दार. पहिल्या दिवशी मला ती पाण्याची टाकी वाटली, कारण सांगलीच्या आमच्या घरात असं धूड असायचं ते न्हाणीघरात, आणि त्याला आम्ही बंब म्हणायचो. सुट्टीत पहाटे उठून बंब पेटवायचं काम माझ्याकडे असे. मधल्या नळात बंबफोड, भोवती पाणी, वर धुराचं तोंड. हे फिनिश पिंप त्याचंच चुलतभावंड. फरक एवढाच की जाळाभोवती पाण्याऐवजी विटा आहेत. दहा-बाराशे किलो विटा. बंबातलं पाणी चार आंघोळींत संपायचं. या विटांची ऊब दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही हाताला लागते.

इथे याला ‘प्योंत्तोउनी’ म्हणतात. ‘उनी’ म्हणजे भट्टी, ‘प्योंत्तो’ म्हणजे पिंपच. नाव ठेवणारा माणूस माझ्यासारखाच सरळ असावा.

घर युद्धानंतरच्या वर्षांतलं. रशियाशी झालेल्या दोन युद्धांत कारेलिया गेली आणि चार लाखांवर माणसं बेघर होऊन अलीकडे आली. त्यांच्यासाठी आणि आघाडीवरून परतलेल्या शिपायांसाठी एकाच साच्याची दीडमजली लाकडी घरं देशभर उभी राहिली. त्यांचा नकाशा पाहिला की कळतं, आधी धुराडं काढलंय आणि मग त्याभोवती खोल्या मांडल्यात. मधोमध विटांचा खांब. खाली स्वयंपाकघराची चूल, बैठकीतलं पिंप आणि वरच्या मजल्यावरचं पिंप, सगळ्यांच्या पाठी त्या एकाच खांबाला टेकलेल्या. आपल्याकडे वाड्याला चौक असतो, तसं इथे धुराडं.

युद्धाच्या काळात कोळसा आणि तेल मिळेना, तेव्हा सरपण हाच सगळा आधार होता. लोकांनी रानात जाऊन लाकूड तोडायच्या मोहिमा निघाल्या. लाकडाचा हिशेब ‘मोत्ती’त, म्हणजे एक मीटर लांब, एक रुंद, एक उंच रचलेल्या ढिगात. हेलसिंकीच्या चौकांत, बाजाराच्या जागांवर या लाकडांच्या भिंती रचलेल्या असत.

पिंपाची वंशावळ याहून जुनी. अठराव्या शतकात स्वीडनला सरपणाची धास्ती पडली. लोखंड गाळायला लोणारी कोळसा लागे, लोखंडावर देशाची कमाई, आणि घरोघरच्या उघड्या चुली रान खात होत्या. सरकारने लाकूड कमी खाणारी भट्टी शोधायला सांगितली आणि कार्ल योहान क्रोनस्टेट व फाबियन व्रेडे या दोघांनी 1767 मध्ये तिचं वर्णन छापून दिलं. फिनलंड तेव्हा स्वीडनचाच भाग होता. कल्पना अशी, की धूर जाळावरून थेट धुराड्यात जाऊ द्यायचा नाही. वर चढवायचा, बाजूच्या बोळांतून खाली आणायचा, पुन्हा वर न्यायचा. एवढी वळणं घेताना त्याच्या अंगातली उष्णता विटा काढून घेतात आणि बाहेर जाताना तो बराच निवलेला असतो. श्रीमंतांच्या भट्ट्यांना वरून चिनीमातीच्या फरशा लागल्या, गरिबांच्या भट्टीला पत्रा. पोटातली वळणं तीच.

हे सगळं मला आधी वाचून कळलं आणि नंतर जावयाने पेटवून दाखवलं. तो मूळचा नाशिकचा, संगणकाचं काम करणारा. गॅसच्या शेगडीपलीकडे त्याने जाळ पाहिलेला नव्हता. पण परदेशात माणसाला एखादा छंद धर्मासारखा जडतो, तसं त्याचं या भट्टीशी झालंय. त्याच्याकडे लाकडात दोन टाचण्या खुपसून ओल मोजायचं यंत्र आहे. ताज्या तोडलेल्या बर्चमध्ये जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं. वसंताच्या आत फोडून, उन्हाळाभर वाऱ्यावर रचून, वरून झाकून ठेवलं की आकडा वीस टक्क्यांखाली उतरतो. जाळायच्या आदल्या दिवशी लाकडं घरात आणायची, म्हणजे ती गारठलेली राहत नाहीत. ओलं लाकूड घातलं तर आधी त्यातलं पाणी उकळण्यात जाळ खर्ची पडतो. हे आमच्या आजीला टाचण्यांशिवाय ठाऊक होतं. ती ढलपीवर ढलपी आपटून आवाज ऐकायची; टणटणली तर वाळकी, दबकी वाजली तर परत वखारीत.

पण पुढचं आजीला पटलं नसतं. तिने आधी काटक्या, त्यावर मोठं लाकूड रचून खालून काडी लावली असती. जावयाने उलट केलं. मोठी लाकडं खाली आडवी, त्यावर बारीक, सगळ्यात वर काटक्या आणि बर्चच्या सालीचा एक कपटा. या सालीला ‘तुओही’ म्हणतात. ती तेलकट असते आणि भिजली तरी पेटते. काडी वरून लावली. जाळ मेणबत्तीसारखा वरून खाली उतरत गेला.

याचं कारण समजलं आणि बंबापुढे घालवलेल्या सगळ्या पहाटा मला नव्याने आठवल्या. लाकूड तापलं की त्यातून वायू सुटतो, आणि ज्वाळा दिसते ती त्या वायूची. वाळक्या लाकडाच्या वजनातला सुमारे चार पंचमांश भाग असा वायू होऊन उडतो, उरलेला निखारा. वायू पुरता जळायला सहाशे अंशांच्या वर ताप हवा, हवा हवी आणि दोघांना एकमेकांत मिसळायला थोडा वेळ हवा. खालून पेटवलं की सगळा ढीग एकदम तापतो, वायू भसाभस सुटतो आणि जळण्याआधीच निसटतो. आपण त्याला धूर म्हणून डोळे चोळतो. खरं तर ते विकत आणलेलं जळणच असतं. वरून पेटवलं तर खालून हळूहळू सुटणारा वायू आधीच पेटलेल्या ज्वाळेतून जातो. दहा मिनिटांनी मी अंगणात जाऊन पाहिलं. धुराड्यावर फक्त हवा थरथरत होती.

आपल्याकडे जळण वाचवायचं म्हणजे जाळ मंद ठेवायचा, लाकूड पुढे सारत राहायचं, रात्री निखारा राखेखाली झाकायचा. इथे मंद जाळ म्हणजे गुन्हा. मंद जाळाला ताप नसतो, वायू अर्धवट जळतो, काजळी धुराड्याला धरते. म्हणून भरपूर हवा देऊन तास-दीड तासात सगळं भडकवून संपवायचं. हिशेब असा, की भट्टीच्या दर शंभर किलो वजनाला साधारण एक किलो लाकूड, तेही दोन-तीन खेपांत. बाराशे किलोच्या भट्टीत बारा किलो. वाळक्या लाकडात किलोमागे जवळपास चार युनिटं धरली तर अठ्ठेचाळीस. त्यातली अडतीसएक विटांत राहतात आणि चोवीस तास झिरपत बाहेर येतात. दिवसभर दीड किलोवॅटचा हीटर चालावा तसं. आपल्या न्हाणीघरातला गीझर बहुधा दोन किलोवॅटचा असतो. त्याहून कमी जोरावर उणे अठराच्या रात्री आमची बैठक आणि शेजारची खोली राहण्याजोगी राहते. बाकीच्या घराला विजेचा उष्णतापंप आहे. पिंपाला सगळ्याचं श्रेय द्यायला नको.

नोव्हेंबरच्या शेवटी ‘नुओहोया’ आला. म्हणजे धुराडी साफ करणारा. कायम राहत्या घराची धुराडी वर्षातून एकदा साफ करून घेणं इथे सक्तीचं आहे. काळे कपडे, साठीचं वय, आणि आल्या आल्या बूट काढण्याची शिस्त. या माणसाला हात लावला की नशीब उजळतं अशी समजूत आहे. मुलीने हसत त्याच्या बाहीला बोट लावलं, त्याने सवयीने हात पुढे केला.

तो छपरावर चढला, दोरीला बांधलेला लोखंडी गोळा आणि ब्रश धुराड्यात सोडला. घरभर घसघस आवाज. मग खाली येऊन पिंपाच्या बुडाशी असलेली दोन झाकणं उघडली, जी मला तोवर दिसलीही नव्हती. बोळांची तळं तिथे उघडतात. लवचिक दांड्याचा ब्रश आत गेला, वळला, परत आला. त्याने काजळी चिमटीत घेऊन चोळली आणि मला दाखवली. करडी, भुरभुरीत. मुलीने भाषांतर केलं: अशी असली की ठीक, काळी चकचकीत डांबरासारखी असली की घरातला माणूस ओलं लाकूड जाळतोय किंवा हवा कोंडतोय. मला आमच्या बंबाच्या नळातली काजळी आठवली. ती चकचकीतच होती.

मग तो एका गोष्टीपाशी थांबला आणि बराच वेळ तिथून हलला नाही. पिंपाच्या वरच्या बाजूला, धुराड्याला जोडणाऱ्या जागी, एक लोखंडी पत्रा सरकतो. त्याला ‘पेल्ती’ म्हणतात. जाळ चालू असताना तो पूर्ण उघडा. जाळ विझल्यावर उघडाच ठेवला, तर घरातली हवा भट्टीच्या पोटातून वर खेचली जाते आणि साठवलेली ऊब रात्रभर आकाशाला वाटली जाते. म्हणून बंद करायचा. पण केव्हा? निखाऱ्यावर निळ्या बारीक जिभा नाचत असतील तोवर कार्बन मोनॉक्साइड तयार होतोय आणि जळतोय. तेव्हा पत्रा लोटला तर तो वायू खोलीत येतो. वास नाही, रंग नाही. फिनिशमध्ये त्याला ‘हॅका’ असा दोन अक्षरांचा शब्द आहे आणि इथल्या लहान मुलांनाही तो ठाऊक असतो.

आमच्या पेल्तीच्या कडेला एक खाच कापलेली होती, पुरा लोटला तरी थोडी वाट उघडी राहावी म्हणून. नुओहोयाने त्या खाचेतून बोट फिरवलं, पत्रा पाच-सहा वेळा मागेपुढे केला, कान लावून ऐकलं. मग माझ्याकडे बघून एकच वाक्य बोलला. मुलगी म्हणाली, “आई, तो म्हणतोय, या घरात घाई करणारं कोण आहे?”

तेव्हा आम्ही सगळे हसलो. जानेवारीत कळलं की मीच.

उणे अठराची रात्र. जाळ बसला होता, निखारे लालभडक. एवढी धग धुराड्यातून फुकट चाललीय हे मला बघवेना. जन्मभर निखारे झाकत आलेला हात. मी पेल्ती लोटली आणि अंथरुणावर टेकले. वीस मिनिटांनी छताला लावलेला हॅकाचा गजर असा किंचाळला की जावई अनवाणी धावत आला. पेल्ती उघडली, दारं उघडली, आम्ही चौघं, नातवाला पांघरुणात गुंडाळून, ओसरीत बर्फाकडे बघत उभे राहिलो. जावई मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. खाच नसती तर काय झालं असतं, हा विचार मी आजही पुरता करत नाही.

त्यानंतर मी या भट्टीकडे भाबडेपणाने पाहू शकले नाही. अडचणी एकेक दिसू लागल्या. घर अलीकडेच नीट बंदिस्त केलंय, फटी बुजवल्यात. एका संध्याकाळी मुलीने आमटीला फोडणी द्यायला घेतली आणि मिरचीच्या खकाण्यासाठी चुलीवरचा पंखा जोरात लावला. पंख्याने घरातली हवा बाहेर ओढली. भरपाईची हवा यायला एकच मोठी वाट, ती धुराड्याची. बैठकीत धूर उलटा उतरला. आता जाळ पेटवायच्या वेळी खिडकी बोटभर उघडतात आणि फोडणी आधी होते. नव्या घरांच्या हवायंत्रांना म्हणे भट्टीसाठी वेगळी कळच असते.

बाहेरची अडचण मोठी. वारा पडलेल्या कडक थंडीत हवेचा गार थर जमिनीला चिकटून राहतो आणि गल्लीतल्या सगळ्या धुराड्यांचं जे काही असेल ते नाकाच्या उंचीवर पसरतं. फिनलंडच्या हवेत जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा सगळ्यात मोठा उगम घरगुती लाकूडजाळ हाच आहे, आणि काळ्या कार्बनचाही. त्यात सौनाच्या, म्हणजे वाफेच्या आंघोळीच्या खोलीतल्या, शेगड्या आघाडीवर. पंचावन्न लाख लोकांच्या देशात तीसेक लाख सौना. त्यातल्या बऱ्याच विजेवर चालतात, पण लाकडाच्या शेगडीचं पोट छोटं, लोखंड पातळ, वायूला जळायला सवड नाही. युरोपीय संघाने 2022 च्या जानेवारीपासून लाकडाच्या भट्ट्यांना कण आणि कार्यक्षमता या दोन्हींचे कडक नियम लावले. पण सौनाच्या शेगड्या त्यातून वगळल्या, आणि गवंड्याने जागेवर विटा लावून बांधलेल्या भट्ट्याही. तर्क समजतो, एकेक हातची भट्टी प्रयोगशाळेत कशी नेणार? पण शेजारच्या घरातला दमेकरी मुलगा खिडकी बंद करताना दिसतो तेव्हा तो तर्क तोकडा पडतो.

तरी भट्ट्या जात नाहीत. तेल स्वस्त झालं तेव्हा कित्येकांनी त्या फोडून खोल्या मोठ्या केल्या. 2022 च्या मे महिन्यात रशियाने फिनलंडला वीज देणं थांबवलं आणि त्या हिवाळ्याच्या तोंडावर सरपणाचे भाव चढले. पिंप शाबूत असलेल्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

निघायच्या आदल्या रात्री जावयाने पेल्तीची जबाबदारी मला दिली. उगीच दिली असं नाही, त्याला पहाटे गाडी चालवायची होती. साडेअकराला मी स्टूल ओढून बिडाचं दार उघडलं. निखारे मंद झाले होते. हातातल्या लोखंडी काडीने ते पसरवले, जावयाने शिकवलं तसे, आणि दिवा मालवून बसले. सगळं नुसतं लाल. हात पेल्तीकडे गेला, तेवढ्यात मागच्या कोपऱ्यात एक निळी जीभ उठली, विझली, पुन्हा उठली. मी हात मागे घेतला आणि स्वेटरची बटणं लावली.