ते नखरे नव्हते

धाकट्या जावेच्या दुसऱ्या बाळंतपणाला आता पंचवीसेक वर्षं झाली असतील. बारशाला घर पाहुण्यांनी भरलेलं आणि ही माजघरात भिंतीकडे तोंड करून बसलेली. पोर रडतेय, हिचं लक्ष नाही. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. आणि मी? "अगं, आम्हीही पोरं जन्माला घातलीत, असे नखरे नाही केले," असं चारचौघींत बोलून मोकळी झाले. तीन-चार महिन्यांनी ती आपली आपण सावरली. माझं वाक्य मात्र ती विसरली नाही, मीही नाही.

ती बारशातली पोर आता स्वतः पाच महिन्यांची गरोदर आहे. म्हणून मुद्दाम वाचायला बसले.

ल्युप्रोलाइड नावाचं एक इंजेक्शन असतं. गर्भाशयातल्या गाठी किंवा एन्डोमेट्रिओसिस असेल तर आपल्याकडचे स्त्रीरोगतज्ज्ञही ते देतात. मेंदूकडून अंडाशयाला कामाला लागण्याचा जो निरोप जातो, तो या औषधाने काही आठवड्यांत बंद पडतो. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन, दोन्ही हार्मोन्स एकदम खाली येतात, पाळी थांबते. औषध बंद केलं की चक्र पुन्हा सुरू.

अमेरिकेत बेथेस्डा इथे सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे. तिथल्या डॉ. पीटर श्मिट आणि डॉ. डेव्हिड रुबिनो यांच्या चमूने हे इंजेक्शन वेगळ्याच कामाला वापरलं. पाळीच्या आधी ज्यांचं मन पार बिघडतं अशा २० बायका घेतल्या. काहींना खरं औषध, काहींना नुसतंच खोटं. खरं मिळालेल्यांचा त्रास कमी झाला. मग आराम पडलेल्या १० जणींना इंजेक्शन चालू ठेवून बाहेरून हार्मोन दिलं, तर रडू आणि चिडचिड परत हजर! आणि ज्यांना असा त्रास कधी नव्हताच अशा १५ जणींना हेच सगळं दिलं, तर त्यांना काहीच झालं नाही. हा अभ्यास १९९८ साली छापून आला. म्हणजे हार्मोन तेच, मात्राही तीच, पण एखादीच्या मेंदूला त्यांचा चढउतार सोसत नाही.

दुसरा प्रयोग २००० सालचा, तो वाचताना माझा घास घशातच अडकला. आधीच्या बाळंतपणानंतर नैराश्य आलेल्या ८ जणी आणि न आलेल्या ८ जणी. सगळ्यांची स्वतःची हार्मोन्स त्याच इंजेक्शनने थांबवली, मग आठ आठवडे दोन्ही हार्मोन्सचे मोठे डोस देऊन गरोदरपणाची नक्कल केली आणि एकाएकी बंद केले, बाळंतपणात होतं तसं. पहिल्या गटातल्या ५ जणींचं मन पुन्हा ढासळलं. दुसऱ्या गटातल्या एकीचंही नाही. इथे ना बाळ होतं, ना जागरणं, ना सासर.

आता कुणी हे वाचून ते इंजेक्शन मागायला जाऊ नका. त्याने अंगातून वाफा येतात, फार काळ घेतलं तर हाडं ठिसूळ होतात, आणि काहींना तर त्यानेच उदास वाटतं. गाठींसाठी ते चालू असताना तसं झालं, तर डॉक्टरांना सांगायला लाजू नका. प्रयोगाचा उपयोग कारण कळण्यापुरता.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं पुष्कळजणींना होतं. दोन आठवडे उलटूनही थांबलं नाही, बाळाकडे बघवेना, झोप उडाली, तर दवाखाना गाठायचा. अंगावर पाजत असतानाही देता येतात अशी औषधं आहेत. जीव नकोसा वाटतो, बाळाला काही करावंसं वाटतं असं बाळंतीण म्हणाली, तर त्याच दिवशी, आणि तोवर तिला एकटं सोडायचं नाही. २०२२पासून १४४१६ हा सरकारी टेलिमानस क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

हे सगळं मी जावेला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "वहिनी, त्या पाचजणींना कुणी नखरे म्हणालं नसेल, नाही?"

मला उत्तर सुचलं नाही. आईला असं झालं असेल तर मुलीलाही धोका थोडा जास्त असतो. तेवढं सांगायला गुरुवारी आम्ही दोघी पोरीबरोबर तपासणीला जाणार आहोत.