बालवीर आणि लपविलेली डबी

१ मे २००० च्या मध्यरात्रीं अमेरिकन सरकारनें उपग्रहांच्या संकेतांत बुद्ध्या ठेवलेली चूक काढून टाकली, आणि जागा दाखविणारीं यंत्रें सामान्य माणसासहि नेमकी जागा दाखवूं लागलीं. ३ मे रोजीं डेव्ह अल्मर या गृहस्थानें ओरेगॉन राज्यांतील झाडींत एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध केले. हाच 'जिओकॅशिंग'चा आरंभ. २०१० सालीं तेथील बालवीर संस्थेनें या खेळासाठीं प्रावीण्यचिन्हहि ठेवलें.

लहान मुलांच्या हातीं आरंभींच यंत्र देऊं नये. प्रथम अंगणांत डबी लपवावी. 'तुळशीपासून दहा पावलें पूर्वेस' अशी खूण सांगावी. दिशा कळूं लागल्यावर रानांत न्यावें. यंत्र कांहीं मीटरांपर्यंतच पोंचवितें. पुढें डोळ्यांनींच शोधावें लागतें. दगडांच्या फटींत मात्र काठीनें चांचपल्यावांचून हात घालूं नये.

डबी सांपडतांच आंतील वहींत टोपणनांव व तारीख लिहावी. वस्तु घेतल्यास तितक्याच मोलाची दुसरी ठेवावी, आणि डबी होती तशीच झांकावी. तेथें पहारेकरी नसतो. मागून येणाऱ्या अनोळखी मुलाचा आनंद आपल्या हातीं आहे, हें ज्या मुलास उमगलें, त्याला खेळ समजला.