जुना गोल आरा घ्यावा की नाही?



ऊसबिलाचा हप्ता हाती आला की गटातल्या भेटीत लागणीपेक्षा खरेदीच्याच गोष्टी जास्त निघतात. मागे मोहाडीकडच्या एका सभासदांनी धुऱ्यावरच मला थांबवले. "साहेब, सुताराचा जुना आरा स्वस्तात भेटून राह्यला. घेऊ का?" ट्रॉलीच्या फळ्या, गोठ्याचे वासे, दाराच्या चौकटी घरीच कापता येतील असा त्यांचा हिशेब. प्रश्न उसाचा नव्हे, पण पैसा उसाचाच, म्हणून येथे लिहितो.

घराचे काम निघाले तेव्हा मीही असाच आरा घेतला होता. मोटर चांगली, रंग नवा. पण वरचे गार्ड नाही आणि पात्यामागची पाचर काढून टाकलेली. तिसऱ्याच दिवशी फळी उलटी फेकली गेली आणि धाकट्या भावाच्या मांडीवर बसली. चार बोटे वर लागती तर पोटातच. आरा स्वस्त होता, दवाखाना नव्हता.

असे का होते? लाकूड चिरताना त्यातला ताण मोकळा होतो आणि चीर मागे मिटून पात्याला आवळते. पात्याचा मागचा भाग खालून वर येत असतो. तो फळी उचलतो आणि कापणाऱ्याच्या अंगावर फेकतो. पात्यामागची पोलादी पाचर चीर उघडी ठेवते. म्हणून पाचर व गार्ड नसलेला आरा फुकट मिळाला तरी, ते बसवून घेतल्याशिवाय चालवू नये.

बघायला जाल तेव्हा वीज तोडून पट्टा उतरवा. शाफ्ट हाताने वरखाली हलवा. खडखडला तर बेअरिंग गेले. बेअरिंग बदलता येते, वाकडा शाफ्ट मात्र डोकेदुखी. पात्याच्या बाजूला खडू स्थिर धरून पाते सावकाश फिरवा. खडू एकीकडेच घासला तर पाते किंवा शाफ्ट वाकडा आहे. दातांच्या खाचेत तडा दिसला तर ते पाते भंगारात.

नंतर पुल्या मोजा. मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते, मोटरची पुली ६ इंच व शाफ्टची ३ इंच असेल, तर पाते २८८० फेरे फिरते. काम लवकर उरकावे म्हणून कोणी मोटरला ९ इंची पुली लावली असेल तर ४३२० होतात. पात्यावर जास्तीत जास्त फेरे छापलेले असतात, त्याच्या आतच राहिले पाहिजे. शेवटी अर्धा तास आरा चालवायला लावा. मोटरला जळका वास आला तर तसेच परत या.

मोटर पंपाच्या कनेक्शनवर लावण्याचा मोह होईल. शेतीपंपाची वीज आऱ्याला वापरणे म्हणजे वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर, आणि आकारणी दुप्पट दराने. गोल ओंडक्यांच्या फळ्या पाडायच्या तर ती आरा गिरणी ठरते, तिला वनखात्याचा परवाना लागतो. सर्वोच्च न्यायालयाचे गोदावर्मन प्रकरणातले आदेश १९९६ पासून आले, तेव्हापासून यात फार कडकपणा आहे. आपल्या आऱ्याचा आकार परवान्यात बसतो का, हे इसार देण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावे. शिवाय साग, मोह, आंबा, येन ही झाडे आपल्या धुऱ्यावरची असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्यामुळे परवानगीवाचून तोडता येत नाहीत.

त्या सभासदांना मी वर्षातली कापायची कामे कागदावर मांडायला सांगितली. ओढूनताणून नऊ दिवस भरले. एवढ्यासाठी परवान्याच्या गिरणीतून माल चिरून आणलेला परवडतो, असे माझे मत. त्यांच्या मुलाला मात्र सुतारकामाची खरी आवड आहे, म्हणून आरा एकदा बघायचे ठरले. गावचा सुतार बरोबर येणार आहे. पाचर-गार्ड दिसेपर्यंत खिशात हात घालायचा नाही, एवढे मुलाकडून कबूल करून घेतले आहे.

— ऊस विकास अधिकारी