तुटायचे कुठे, हे आधी ठरवा

कर्जतहून येणारा रस्ता चौकजवळ जुन्या मुंबई–पुणे रस्त्याला मिळतो. या फाट्यावर थोडा वेळ उभे राहिले तर इंधनाचे आणि रसायनांचे टँकर जाता-येताना दिसतात. खोपोली, रसायनी ही कारखान्यांची गावे जवळच आहेत. टँकर म्हटला की रस्त्यावरचा अपघात आपल्या डोळ्यांसमोर येतो. पण धोक्याचा एक क्षण टँकर उभा असतानाही येतो. टाकी रिकामी करण्यासाठी तिला होजपाईप जोडलेला असतो. काम संपले अशा समजुतीने चालक गाडी सुरू करतो आणि पाईप मात्र अजून जोडलेलाच असतो! पेट्रोल पंपावर नोझल गाडीच्या टाकीत असतानाच गाडी पुढे निघाली, तर हीच गोष्ट लहान प्रमाणात घडते.

आता काय होईल? वर्गात विचारून पाहा. ‘पाईप तुटेल’, असे मुले लगेच सांगतील. मग पुढचा प्रश्न विचारा : कुठे तुटेल? याचे उत्तर इतके सोपे नाही. जो भाग सर्वांत कच्चा असेल, तो तुटेल. तो पाईपच्या मध्यावर असू शकेल किंवा टँकरच्या तोटीशीही असू शकेल. तोटीच उखडली, तर सगळी टाकी रस्त्यावर रिकामी होईल. म्हणून अभियंत्यांनी वेगळा विचार केला. तुटणे टाळता येत नसेल, तर तुटण्याची जागा आपणच ठरवावी. अशा ठरवून ठेवलेल्या जोडाला ‘ब्रेकअवे कपलिंग’ म्हणतात. आपण त्याला ‘सुटता जोड’ म्हणू.

यातले तत्त्व कागदाच्या पट्टीवर दाखवता येते. दोन सेंटिमीटर रुंदीच्या काही पट्ट्या कापा. काही तशाच ठेवा, काहींना मध्यभागी दोन्ही कडांनी छोटी खाच पाडा. तानकाट्याला अडकवून ओढा. साधी पट्टी कुठे फाटेल ते सांगता येत नाही. खाचेची पट्टी मात्र खाचेपाशीच फाटते, आणि कमी बलाने फाटते. घरातली वितळतार हेच काम करते. सगळ्या तारांत ती मुद्दाम कच्ची ठेवलेली असते.

पण पाईप नेमक्या जागी तुटून भागत नाही, दोन्ही तोंडे तत्काळ बंदही व्हायला हवीत. याचे उदाहरण स्वयंपाकघरात आहे. गॅस सिलिंडरवरचा रेग्युलेटर काढला, की गॅस बाहेर येत नाही. सिलिंडरच्या तोंडात स्प्रिंगने दाबलेली झडप असते. रेग्युलेटर बसवून सुरू केला की त्याची दांडी ती झडप खाली दाबून उघडी ठेवते. दांडी दूर झाली की स्प्रिंग झडप मिटवते. (ही झडप टोचून पाहण्याचा प्रयोग मात्र कोणी करू नये!)

सुटत्या जोडात या दोन्ही कल्पना एकत्र येतात. जोडाच्या दोन्ही अर्ध्या भागांत स्प्रिंगची एकेक झडप असते. भाग जोडलेले असताना झडपा एकमेकींना रेटून उघड्या ठेवतात आणि द्रव वाहतो. हे भाग खाच पाडलेल्या बोल्टांनी धरलेले असतात. ठरावीक बलापेक्षा जास्त ओढ बसली की बोल्ट तुटतात, भाग अलग होतात आणि दोन्ही बाजूंच्या झडपा मिटतात. त्यासाठी वीज लागत नाही, माणूसही लागत नाही.

थोडे गणित करू. समजा, पाईपमधून मिनिटाला ३०० लिटर द्रव वाहतो आहे. पाईप तुटल्यावर कोणी धावत जाऊन मुख्य झडप बंद करेपर्यंत एक मिनिट गेले, तर ३०० लिटर द्रव सांडेल. झडप अर्ध्या सेकंदात मिटली, तर फार तर अडीच लिटर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते, आणि दूरची ठिणगीही तिला पुरते. सांडलेले रसायन गटारातून ओढ्यात आणि ओढ्यातून पाताळगंगेत जाऊ शकते. या नदीचे पाणी गावेही उचलतात आणि कारखानेही.

आता बोल्टांकडे वळू. साध्या पोलादाचे तन्य सामर्थ्य दर चौरस मिलिमीटरला सुमारे ४०० न्यूटन धरा. खाचेपाशी ३ मिलिमीटर व्यास असेल, तर क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस मिलिमीटर होते. म्हणजे एक बोल्ट सुमारे २८०० न्यूटनला आणि असे तीन बोल्ट सुमारे ८४०० न्यूटनला तुटतील. आतला दाबही जोड उघडू पाहतो. पाईपचा व्यास ५० मिलिमीटर आणि दाब ३ बार असेल, तर हे बल सुमारे ५९० न्यूटन भरते. म्हणजे रोजच्या कामात जोड सुटणार नाही, टँकरने ओढले तर मात्र सुटेल. अर्थात पाईप आणि तोटी ८४०० न्यूटनपेक्षा बरेच जास्त बल सोसणारी हवीत.

एकदा जोड सुटला आणि हाताशी मूळ बोल्ट नाहीत म्हणून कोणी ८ मिलिमीटरचे साधे बोल्ट बसवले, तर? व्यास ३ चा ८ झाला, म्हणजे बल सुमारे सातपट लागेल. जोड आता ‘मजबूत’ झाला आणि तोटी पुन्हा सर्वांत कच्ची ठरली. वितळतारेच्या जागी जाड तार गुंडाळणारा माणूस हीच चूक करतो.

चौकपासून जवळच, कर्जतच्या पुढे, १८६३ साली सुरू झालेला बोरघाटाचा रेल्वेमार्ग आहे. त्याचा चढ ३७ मीटरला १ मीटर इतका तीव्र आहे. अशा चढावर गाडीचे डबे सुटले तर? दोन डब्यांमधील हवेची नळी ओढीने सुटते, हवा निघून जाते आणि त्यामुळेच दोन्ही भागांचे ब्रेक लागतात. ही रचना जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८७२ साली काढली. टँकरच्या पाईपमधले द्रव अडवायचे असते, तर इथे हवा जाऊ द्यायची असते. साधने उलट, पण तत्त्व एकच : बिघाड झाला की यंत्रणा आपोआप सुरक्षित स्थितीत गेली पाहिजे.

सुटत्या जोडालाही मर्यादा आहेत. पाईप मध्येच जुना होऊन फुटला, तर हा जोड काही करत नाही. त्यासाठी प्रवाह अचानक वाढला की मिटणारी वेगळी झडप लागते. आणि गाडीच्या चाकांना उटी लावणे, पाईप काढल्याची खात्री करणे ही कामे माणसांचीच राहतात.

पुढच्या वेळी पेट्रोल पंपावर गेलात, की पाईपवर असा जोड आहे का ते विद्यार्थ्यांना दुरून पाहायला सांगा. आणि आपल्या आसपास आणखी कोणत्या गोष्टी मुद्दाम कच्च्या ठेवल्या आहेत, त्यांची यादी त्यांना करू द्या. प्रेशर कुकरच्या झाकणापासून सुरुवात करता येईल.