पृथ्वी शॉचा भाव

१६ डिसेंबर २०२५. मंगळवार, जेवणाची सुट्टी. दुबईच्या करामातल्या खानावळीत आमच्या टेबलावर एक मोबाइल पाण्याच्या जगाला टेकवून उभा केला होता. तासाभराच्या अंतरावर, अबू धाबीतल्या यास बेटावरच्या एतिहाद अरीनात आयपीएलचा लिलाव सुरू झाला होता. लिलाव पुकारणाऱ्या मल्लिका सागर यांनी पहिल्याच गटात नाव घेतलं, पृथ्वी शॉ, पायाभूत किंमत ७५ लाख. समोर दहा संघांची दहा टेबलं, पण एकाही टेबलावरून पॅडल वर आलं नाही. काही सेकंदांत नाव बाजूला पडलं आणि पुढचं नाव आलं.

समोर बसलेला मुलगा नालासोपाऱ्याचा. त्याने हातातला घास तसाच ठेवला. "काका, एकानेही हात वर केला नाही हो." हिशेबनिसाच्या कामात तीस वर्षं घालवलेले काका भातावर वरण ओतून घेत म्हणाले, "अरे, भाव पडलेला दिसला की गिऱ्हाईक तो आणखी पडायची वाट बघतं. मंडई उठायच्या वेळेला बघ."

काकांचं म्हणणं खरं ठरलं. उरलेल्या खेळाडूंची नावं झटपट पुकारण्याची फेरी आली आणि दिल्ली कॅपिटल्सने पृथ्वीला ७५ लाखांना घेतलं. दुसऱ्या कोणीही बोली लावली नाही. त्याच फेरीत सर्फराज खानलाही चेन्नईने तेवढ्याच रकमेत उचललं. मुंबईच्या मैदानांनी घडवलेले दोन फलंदाज एकाच दिवशी आधी नाकारले गेले आणि मग तळाच्या भावात विकले गेले. त्याच दिवशी एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या प्रशांत वीर आणि कार्तिक शर्मा या दोन तरुणांना चेन्नईने प्रत्येकी १४ कोटी २० लाख मोजले.

हा आकडा ऐकून आमच्या टेबलावर जो वाद पेटला, तो बहुतेक मराठी घरांत त्या संध्याकाळी झाला असेल. ज्या मुलाने कसोटी पदार्पणात शतक ठोकलं त्याचा भाव ७५ लाख, आणि ज्यांची नावंही अनेकांनी पहिल्यांदाच ऐकली त्यांचा चौदा कोटी! हा न्याय आहे का?

न्यायाचं नंतर पाहू. आधी हा भाव ठरतो कसा ते समजून घ्यायला हवं, कारण आपण खेळाडूची गुणवत्ता आणि त्याची किंमत एकाच तराजूत घालतो आणि तिथेच फसतो. लिलावातली रक्कम खेळाडूला दिलेले गुण नव्हेत. संघाला त्या दिवशी किती नड आहे, खिशात किती उरलंय आणि तसाच माल दुसरीकडे मिळतो का, या तीन गोष्टींचं ते उत्तर असतं. चेन्नईला नवी पिढी उभी करायची होती. रवींद्र जडेजा महिनाभरापूर्वीच राजस्थानकडे गेला होता, आणि डावखुरी फिरकी टाकून फलंदाजी करणारा प्रशांत वीर त्या रिकाम्या जागेत नेमका बसत होता. सलामीला मात्र बहुतेक संघांची माणसं ठरलेली होती. दुकानात दिवाळीच्या आदल्या दिवशी पणतीला जो भाव असतो तो भाऊबिजेनंतर नसतो, पणती तीच असली तरी.

लिलावाखेरीज खेळाडू मिळवण्याचा दुसरा मार्ग अदलाबदलीचा. हंगाम संपल्यापासून लिलावाच्या काही दिवस आधीपर्यंत संघ आपसात खेळाडू देऊ-घेऊ शकतात, अर्थात खेळाडूची संमती लागते. जडेजा आणि सॅम करन राजस्थानला आणि संजू सॅमसन चेन्नईला, हा २०२५ च्या नोव्हेंबरमधला गाजलेला सौदा. त्याच मुदतीत पालघरचा शार्दूल ठाकूर २ कोटींत लखनौहून मुंबई इंडियन्सकडे आला आणि अर्जुन तेंडुलकर ३० लाखांत मुंबईहून लखनौला गेला. यात एक मेख आहे. खेळाडूबरोबर सहसा त्याचं मानधनही नव्या संघाच्या खात्यावर येतं. पृथ्वीला दिल्लीने २०२२ साठी साडेसात कोटींना राखलं होतं. त्याचा फॉर्म गेल्यावर तो दुसऱ्या कुणी मागायचा म्हणजे साडेसात कोटींचं ओझंही सोबत मागायचं. कोण मागेल? आणि २०२४ च्या शेवटी करारच संपला, तेव्हा तर सौद्याचा प्रश्नच उरला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहच्या लिलावात त्याचं नाव ७५ लाखांवर पुकारलं गेलं आणि तसंच परत गेलं.

उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीत धडपडणाऱ्या तरुणाचा भाव ठरवायला एक मधली पायरी असते. पुढच्या वर्षी नवोदितांतून निवड करण्याचा हक्क एक संघ दुसऱ्याला देतो आणि बदल्यात अडखळलेला पोरगा घेतो. एका अनिश्चित भवितव्याच्या बदल्यात दुसरं अनिश्चित भवितव्य. शिवाय मुख्य संघाशी बांधलेला खालच्या पातळीवरचा संघ असतो, तिथे त्याला घोटता येतं. आपल्याकडे यातलं काही नाही. इथे एकतर रोख बोली, नाहीतर शांतता. पृथ्वीच्या वाट्याला ही शांतता आली.

आता थोडं मागे जाऊ. विरारहून वडिलांसोबत लोकलने सरावाला जाणारा हा मुलगा नोव्हेंबर २०१३ मध्ये आझाद मैदानावर रिझवी स्प्रिंगफिल्डसाठी हॅरिस शील्डमध्ये ५४६ धावा करतो. वय चौदा. जानेवारी २०१७ मध्ये रणजी पदार्पणात शतक. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारत एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकतो. ४ ऑक्टोबर २०१८ ला राजकोटमध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध १५४ चेंडूंत १३४. नंतर २०१९ मध्ये खोकल्याच्या औषधातल्या प्रतिबंधित द्रव्यामुळे आठ महिन्यांची बंदी. इतकं सगळं विशी गाठेपर्यंत.

पण त्याचा भाव घसरायला सुरुवात झाली ती इथे, अमिरातीत. २०२० ची आयपीएल करोनामुळे दुबई, अबू धाबी आणि शारजात झाली. स्टेडियम रिकामी होती. आम्ही इथे राहत होतो, तरी सामने टीव्हीवरच पाहावे लागले. पृथ्वीने सुरुवात झोकात केली. दुबईत चेन्नईविरुद्ध ६४, शारजात कोलकात्याविरुद्ध ६६. मग दुबईत राजस्थानविरुद्ध जोफ्रा आर्चरने सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर त्याला गारद केलं. पुढच्या सामन्यात शारजात पुन्हा शून्य. त्याला वगळलं, परत घेतलं, आणि मुंबईविरुद्धच्या पहिल्या पात्रता सामन्यात ट्रेंट बोल्टसमोर आणखी एक शून्य. दिल्लीची एकही धाव होण्याआधी तीन गडी गेले होते. अंतिम सामन्यात तो बाहेर होता. १३ सामन्यांत २२८ धावा, हा त्याचा हंगाम.

त्याच हंगामात, त्याच मैदानांवर पुण्याचा एक मुलगा चेन्नईकडून खेळत होता. करोनातून उठून आलेला ऋतुराज गायकवाड, २० लाखांत घेतलेला. पहिल्या तीन डावांत ०, ५, ०. त्या वेळी त्याचा भाव काढायला बसवलं असतं तर काय निघाला असता? संघातल्या काही तरुणांत ठिणगी दिसली नाही, असं धोनीने त्याच सुमारास बोलून दाखवलं होतं आणि त्यावरून केवढी टीका झाली होती. पण चेन्नईचा संघ बाद फेरीच्या शर्यतीतून जवळपास बाहेर पडला होता. गमावायला काही उरलं नव्हतं, म्हणून ऋतुराजला पुन्हा संधी मिळाली. त्याने ओळीने नाबाद ६५, ७२ आणि नाबाद ६२ केल्या. पुढच्या वर्षी ६३५ धावा करून ऑरेंज कॅप त्याच्याकडे होती. आज त्याचं मानधन १८ कोटी आहे.

मला या दोन नोंदी शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात. दिल्ली जेतेपदाच्या शर्यतीत होती, तिला अडखळणारा सलामीवीर परवडणारा नव्हता. चेन्नई हरत होती, तिला परवडला. अडखळलेल्या तरुणाचं काय होणार हे पुष्कळदा संघ गुणतक्त्यात कुठे आहे यावर ठरतं. हे मी पृथ्वीची बाजू घेण्यासाठी सांगत नाही. ऋतुराजने मिळालेल्या संधीचं सोनं केलं, हे श्रेय पूर्ण त्याचं.

पृथ्वीचं दुखणं तंत्राचंही होतं. बॅट मागे उंच जाते, पाय उशिरा हलतो, आणि आत येणारा चेंडू बॅट आणि पॅड यांच्यामधून वाट काढतो. डिसेंबर २०२० मध्ये अॅडलेडला मिचेल स्टार्कने सामन्याच्या दुसऱ्याच चेंडूवर त्याचा त्रिफळा उडवला, दुसऱ्या डावात कमिन्सने ४ धावांवर. त्यानंतर तो कसोटी खेळलेला नाही. तरीही काही महिन्यांतच विजय हजारे स्पर्धेत ८२७ धावा आल्या. २०२१ च्या आयपीएलमध्ये ४७९. जानेवारी २०२३ मध्ये गुवाहाटीत आसामविरुद्ध ३७९, रणजीतली दुसऱ्या क्रमांकाची सर्वोच्च खेळी. तिच्यापुढे भाऊसाहेब निंबाळकरांची १९४८ मधली पुण्यातली नाबाद ४४३ ही एकच. मग पुन्हा उतार, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातूनही वगळला गेला. कारण चर्चेत राहिलं ते तंदुरुस्तीचं. इथे मला त्याला पाठीशी घालायचं नाही. पोटाचा घेर आणि सरावाची शिस्त बाहेरून कोणी आणून देत नाही.

नालासोपाऱ्याच्या मुलाचा राग मला समजतो. "आमच्या लाइनीतला पोरगा आहे तो," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. विरार ते चर्चगेट उभ्याने केलेला प्रवास ज्याने केलाय त्याला पृथ्वी परका वाटूच शकत नाही. पण चौदा वर्षांच्या मुलाच्या ५४६ धावांवर आपण सगळ्यांनीच एक आकडा चिकटवला होता, आणि त्यानंतरची प्रत्येक खेळी त्या आकड्यातून वजा करत आलो. तेव्हाचा भाव फुगलेला होता आणि तो फुगवण्यात आपला हात होता.

२०२५ मध्ये त्याने मुंबई सोडून महाराष्ट्राचा संघ धरला. ऑगस्टमध्ये चेन्नईत बुचीबाबू स्पर्धेत पहिल्याच सामन्यात १११. रणजीत केरळविरुद्ध पहिल्या डावात शून्य. पुढच्या सामन्यात चंडीगडविरुद्ध पहिल्या डावात ८, आणि दुसऱ्या डावात १५६ चेंडूंत २२२, द्विशतक १४१ चेंडूंत. त्या सामन्यात पहिल्या डावात ११६ करणारा ऋतुराज सामनावीर ठरला आणि त्याने तो पुरस्कार पृथ्वीबरोबर वाटून घेतला. २०२० मध्ये अमिरातीत अडखळलेली दोन पोरं एका ड्रेसिंग रूममध्ये आली होती.

म्हणून माझं उत्तर असं. अबू धाबीत लागलेला ७५ लाखांचा भाव पृथ्वीचा अपमान नव्हता आणि दिल्लीची मेहेरबानीही नव्हती. ज्या संघाने त्याला २०१८ मध्ये १ कोटी २० लाखांना घेतलं, साडेसात कोटींपर्यंत नेलं, सोडून दिलं, त्याने सगळं पाहून, जोखीम माहीत असताना, पुन्हा हात वर केला. साडेसात कोटींत जी जोखीम जड होती ती ७५ लाखांत हलकी आहे. सलामीवीराला एवढ्या स्वस्तात एक संधी देणं हा त्या दिवसाचा शहाणा सौदा होता, असं मी ठामपणे म्हणेन. पृथ्वीसाठीही तो बरा, कारण आता कोट्यवधींचा हिशेब चुकवायचा नाही, फक्त पहिल्या षटकात पाय वेळेवर हलवायचा आहे.

त्या मंगळवारी तो होता सव्वीस वर्षं आणि सदतीस दिवसांचा. जेद्दाहमध्ये त्याच्या नावापुढे ७५ लाखच लिहिलेले होते आणि अबू धाबीतही ७५ लाखच. फरक एका पॅडलचा होता.